घरची गाडी

गोलशेठनी ताडपत्री ओढली आणि तिचं टोक हातात धरून तसेच उभे राहिले.

दुकानापुढे सावलीला बांधायला म्हणून ती काढायला ते कोठीत आले होते. खाली चार टायर निघाले. एकावर एक नीट रचलेले, कंपनीचे कागद अजून चिकटलेले, आणि सगळ्यात वरच्यावर खडूनं लिहिलेलं: बबी. अक्षर त्यांचंच होतं. काल दुकान आवरता आवरता एजन्सीचा टेम्पो आला, मिस्त्री तोवर घरी गेलेला. शेठनी एकेक टायर स्वतः ढकलत आत आणला, धापा टाकत रचला, वर ताडपत्री घातली आणि खडूचा हात पँटलाच पुसला. या वयात हे सोसवत नाही, पण काल ते सोसण्यात मजा होती.

बबी म्हणजे त्यांची एकुलती एक लेक. ती दुपारचं जेवण करून, नवऱ्याला आणि पोरीला घेऊन, नवे टायर घातलेल्या गाडीतून निघूनही गेली होती. तिचे चार टायर जर इथे होते, तर तिच्या गाडीला कुठले चार होते, हा हिशेब अवघड नव्हता. तरी शेठनी तो दोनदा करून पाहिला. उत्तर बदललं नाही.

"मिस्त्री," त्यांनी हाक मारली. पहिल्यांदा आवाज फुटलाच नाही. दुसऱ्यांदा फुटला तो जरा जास्तच.

मिस्त्री हात पुसत आत आला. इतक्या वर्षांत शेठ कोठीतून ओरडले की उंदीर निघाला असं समजायची त्याला सवय होती. तो झाडू घेऊनच आला.

"जावयाच्या गाडीला सकाळी काय घातलंस?"

"बोटीचे."

"बोटीचे?"

"तुम्हीच म्हणालात ना शेठ. घरची गाडी आहे म्हणून."

शेठनी ताडपत्रीचं टोक सोडलं.

गोलशेठना हे नाव धंद्यावरून पडलं की पोटावरून, याबद्दल बाजारात दोन मतं होती. शेठ स्वतः म्हणायचे, दोन्ही टायरचीच कृपा, कारण पोट पोसलंय तेही टायरवरच. दुकानात माल दोन तऱ्हेचा. एक कंपनीचा, जो काचेमागे मांडलेला असायचा. दुसरा बोटीचा. समुद्रापलीकडून कुठून तरी बोटीत भरून यायचा म्हणून बोटीचा. त्याच्यावरचं नाव दर खेपेला वेगळं असायचं आणि ते कुणालाच उच्चारता यायचं नाही, विकणाऱ्यालाही नाही. बोटीचे सगळेच टायर वाईट असतात असं नाही. ताजे असले, बांधणी धड असली, तर ते बिचारे इमानानं चालतात. पण शेठकडे यायचे ते सगळ्यांनी निवडून उरलेले. कुठल्या तरी धक्क्यावर लोखंडी पेटाऱ्यात उन्हाळे काढलेले, रबर आतून वाळलेले. वरून काळं पाणी फिरवलं की मात्र असे चमकायचे, की कंपनीचा टायर त्यांच्या शेजारी गरीब नातेवाईक वाटावा.

टायर कधी बनला त्याचे आकडे त्याच्या एकाच अंगाला उठवलेले असतात. ते अंग आतल्या बाजूला, गाडीच्या पोटाकडे करून बसवलं, की वय झाकलं. गिऱ्हाइकाला दिसतो तो नुसता काळा आणि गोल.

प्रश्न एवढाच होता, की मिस्त्रीला हे गिऱ्हाइकादेखत सांगायचं कसं. त्यावर शेठनी तोड काढली होती. गिऱ्हाईक गाडीतून उतरलं, पंख्याखालची खुर्ची ओढून बसलं, आणि टायरकडे न बघता शेठकडे बघून हसलं, की शेठ आत आवाज द्यायचे, "मिस्त्री, घरची गाडी आहे रे, नीट बसव." गिऱ्हाईक सुखावायचं. मिस्त्री आत जाऊन बोटीचे चार काढायचा, आकडे आतल्या अंगाला. एका वाक्याचे दोन पत्ते होते आणि ते दोन्हीकडे बिनचूक पोचायचं. जो माणूस वाकून बघे, नखानं रबर दाबे, चार प्रश्न विचारे, त्याला शेठ साहेब म्हणायचे आणि त्याला कंपनीचा माल मिळायचा. परका माणूस या दुकानातून सहसा फसून गेला नाही. गेले ते सगळे घरचे.

यात आपण फार काही वाईट करतो असं शेठना वाटत नसे. निघताना ते प्रत्येकाला सांगायचे, गावात चालवायला काही होत नाही. ते खरंही होतं. गावातले खड्डे असे, की वेग घ्यायची सोयच नव्हती. गाडी माणसांनी भरलेली, रस्ता लांबचा आणि तापलेला, काटा पुढे सरकलेला, अशा वेळी वाळक्या रबराचा वरचा थर कधी सुटेल याचा नेम नाही, हे ते सांगायचे नाहीत. कुणी विचारायचंही नाही. एखादं जुनं गिऱ्हाईक यायचं बंद झालं, की शेठ समोरच्या दुकानदाराला शिव्या घालायचे: फोडलं माझं गिऱ्हाईक. माणूस परत न येण्याचं आणखी काही कारण असू शकतं, हे त्यांच्या मनाला कधी शिवलं नव्हतं.

"अरे, घरची म्हणजे घरची," शेठ म्हणाले. "माझ्या घरची."

मिस्त्रीनं झाडू भिंतीला टेकवला.

"मग तसं सांगायचं ना."

"तसंच सांगितलं की."

"तसंच तर रोज सांगता."

शेठनी त्याच्याकडे बघितलं. मिस्त्रीच्या चेहऱ्यावर चूक केल्याची खूण नव्हती. असायचं कारणही नव्हतं.

"लेक बसणार होती त्या गाडीत," शेठ म्हणाले. "नात बसणार होती."

"गाडी घेऊन तर ते एकटेच आले." मिस्त्रीचा आवाज आता खाली आला. "आणि चार वर्षं तुम्ही जावईबापूंबद्दल काय काय बोललात ते मीच ऐकलंय. मला वाटलं, राग काढताय. म्हटलं, मोठ्यांच्या घरातलं, आपण कशाला विचारा. गावातल्या गावात फिरतील, काही होणार नाही."

हेही शेठचंच वाक्य होतं.

जावई शाळेत इतिहास शिकवायचा. जे घडून गेलं ते सांगून हा पोट भरतो, पुढचं काय बघणार, असा शेठचा आक्षेप. खरा आक्षेप एवढाच, की बबीनं तो न विचारता पसंत केला. शाळा सुटल्यावर याच दुकानात टायरच्या चळतीवर बसून पाढे पाठ केलेली पोर, आणि एवढ्या मोठ्या व्यवहारात बापाला नुसतं कळवते. शेठ लग्नाला गेले, जेवले, आणि चार वर्षं जावयाशी हवापाण्यापलीकडे बोलले नाहीत. दुकानात मात्र बोलायचे. मिस्त्रीला सगळं तोंडपाठ होतं.

मग नात झाली. ती या खेपेला आली ती थेट शेठच्या पोटावर चढली आणि तिथेच झोपली. शेठना तीन दिवस कूस बदलता आली नाही आणि त्याबद्दल त्यांनी तक्रारही केली नाही. चौथ्या दिवशी अंगणात उभ्या गाडीकडे त्यांचं लक्ष गेलं. टायरची नक्षी पार झिजून गुळगुळीत झालेली. "या टायरवर माझी नात नेतोस?" ते जावयाला म्हणाले. चार वर्षांत थेट त्याला उद्देशून बोललेलं ते पहिलं लांब वाक्य. टायर माझ्याकडून, त्यांनी जाहीर केलं. जावई संकोचला आणि म्हणाला, "कशाला, बाबा." बाबा म्हणाला. शेठनी त्याच दुपारी एजन्सीला फोन लावून दुकानातही नव्हते असे, सगळ्यात भारी चार मागवले.

आणि आज सकाळी स्वयंपाकघरात, नातीला कडेवर घेऊन, त्यांनी मिस्त्रीला फोन केला होता. जावई गाडी घेऊन येताहेत, ते म्हणाले. आणि पुढे, काही न ठरवता, जिभेला पडलेल्या वळणानं, "घरची गाडी आहे रे, नीट बसव." कोठीतल्या ताडपत्रीखालचे घाल, हे सांगायचंच होतं. तेवढ्यात नातीनं चष्मा ओढला, मग फोन ओढला, फोन बंद झाला, सगळे हसले. शेठनी विचार केला, कुठले घालायचे ते कळलं नाही तर मिस्त्री उलट फोन करेल. मिस्त्रीनं केला नाही. त्याला सगळं कळलं होतं.

बबी तेव्हा भांडी विसळत होती. तिनं नळ बंद केला आणि ओले हात तसेच धरून बापाकडे बघत राहिली. शेठना वाटलं, पोरगी भरून आली. 

त्यांनी आता तिला फोन लावला. वाजत राहिला. पुन्हा लावला. वाजत राहिला. जावयाला लावावा म्हणून नाव शोधायला गेले तेव्हा लक्षात आलं, की चार वर्षांत त्याचा नंबर आपण घेतलेलाच नाही. बायकोला फोन केला.

"जावयाचा नंबर दे."

"का हो?"

"सहज."

"तुम्ही आणि सहज?" ती म्हणाली, पण आवाजात हसू होतं. या चार दिवसांनी तिचं वय उतरलं होतं. तिनं आनंदानं नंबर सांगितला, आणि वर सांगितलं, की आता जपून ठेवा. जावयाचा फोनही वाजत राहिला.

शेठनी चार टायर दुकानाच्या व्हॅनमध्ये टाकायला लावले. मिस्त्री येऊ का म्हणाला. शेठ नको म्हणाले. मग जाता जाता काच खाली करून म्हणाले, "आणि कुणी आलं तर..." वाक्य तिथेच सोडून त्यांनी काच वर केली.

गाव ओलांडेपर्यंत प्रत्येक चौकात कुणीतरी आडवं आलं. खड्ड्यात व्हॅन आपटली की मागे टायर एकमेकांवर आदळायचे. या गावाला खड्डे आहेत म्हणून माझं पाप झाकलं जातं, असं काहीसं त्यांच्या डोक्यात येऊन गेलं, आणि पाप हा शब्द कुठून आला म्हणून ते स्वतःवरच चिडले. माल असतो. चांगला असतो, हलका असतो. ज्याची जशी ऐपत.

पण लेकीची ऐपत त्यांनी विचारली नव्हती.

हायवे लागला तेव्हा ऊन समोरून येत होतं. रस्त्यावरून वाफ निघावी तशी हवा थरथरत होती. आणि कडेला, पांढऱ्या पट्टीच्या पलीकडे, त्यांना ते दिसू लागलं. रबराचे तुकडे. कुठे हातभर, कुठे पुरुषभर लांब, कडा फाटलेल्या, तारा बाहेर आलेल्या. इतकी वर्षं ते या रस्त्यानं ये-जा करत होते आणि टायरच्या धंद्यातल्या माणसाला रस्त्यावरचं टायरचं कातडं कधी दिसलं नव्हतं. आता दुसरं काही दिसेना. यातले बहुतेक ट्रकचे, त्यांनी स्वतःला समजावलं. जाड आहेत, ट्रकचेच. मग एक दिसला तो जाड नव्हता. शेठनी व्हॅन थांबवली, उतरले, वाकले आणि तो तुकडा उचलून वळवून बघितला. अक्षरं अर्धी होती. ऊन खाऊन रबर बिस्किटासारखं कडक झालेलं. बोटानं दाबलं तर कडा भुगा होऊन पडली. तो त्यांच्या दुकानातला होता की नव्हता हे सांगायला जगात कुणीच नव्हतं.

तिथे उभं असतानाच त्यांना टॅक्सीवाला आठवला. लांबची भाडी करणारा, सदा घाईत असणारा, गप्पिष्ट. बायकोच्या माहेरचं काहीतरी विनोदी सांगत खुर्चीवर बसायचा. टायरकडे कधी वळूनसुद्धा बघायचा नाही. दोन वर्षांपूर्वी यायचा बंद झाला. शेठनी तेव्हा समोरच्या दुकानदाराला महिनाभर शिव्या दिल्या होत्या.

त्यांनी तुकडा खाली ठेवला. टाकला नाही, ठेवला.

मग व्हॅन चालवताना त्यांना दुपारचा निरोप आठवत राहिला. बबी निघताना मागच्या चाकाशी बसली होती. काय गं, म्हटल्यावर, बाळाचा बूट पडलाय, म्हणाली. बूट मिळायला तिला जरा वेळ लागला. उठली तेव्हा बोटं काळी झाली होती. ती तिनं ओढणीला पुसली. मग विचारलं, "बाबा, टायर तुम्ही स्वतः काढून दिलेत ना?" आणि शेठ छाती फुगवून म्हणाले होते, "म्हणजे काय, स्वतः." तिनं मान हलवली. नवऱ्याला म्हणाली, गाडी मी चालवते. त्याला नवल वाटलं, कारण गावातून नेहमी तोच चालवायचा. आणि गाडी निघाली ती इतकी सावकाश, की शेठची बायको फाटकाशी म्हणाली, पोरीचा पाय निघत नाही.

पुढे एका झाडाखाली पंक्चरवाल्याची टपरी होती. या रस्त्यावर गाडीला काही झालं तर पहिली बातमी इथे येते, हे शेठना ठाऊक होतं. म्हणूनच त्यांना थांबायचं नव्हतं, आणि म्हणूनच ते थांबले.

"इथून पुढे कुठे काही झालंय का?" त्यांनी विचारलं. "गाडीचं?"

"रोजच होतं काहीतरी," पंक्चरवाला म्हणाला. "आज अजून नाही."

शेठचा श्वास सुटला. मग टपरीच्या भिंतीकडे त्यांचं लक्ष गेलं.

चार टायर टेकवून ठेवले होते. काळ्या पाण्याची चमक अजून ताजी होती. उन्हानं तिचे ओघळ खाली उतरले होते. आपला माल माणूस लांबूनही ओळखतो.

"हे?"

"हे होय." पंक्चरवाल्याला सांगायला कुणीतरी हवंच होतं. त्यानं स्टूल पुढे सरकवलं. शेठ बसले नाहीत. दुपारी एक गाडी आली, तो सांगू लागला, कडेकडेनं, बैलगाडीच्या चालीनं. त्याला वाटलं, इंजिनाचं काही असेल. बाई चालवत होत्या. नवरा शेजारी, मागे लहान पोर झोपलेली. बाई उतरल्या आणि म्हणाल्या, चारी टायर बदला. त्यानं बघितलं तर टायर कोरे. "म्हटलं, बाई, यांच्या अंगावरची रबराची लव पण अजून गेली नाही. तर म्हणाल्या, आवाज येतोय. मी फिरवून बघितली गाडी. मला नाही आला. पण गिऱ्हाइकाला आवाज आला की आपल्यालाही येतो."

तो स्वतःच हसला. मग सांगत राहिला. नवरा सारखा म्हणत होता, अगं, बाबांनी आज सकाळीच दिलेत, त्यांना फोन करून विचारू तरी. त्यानं फोन काढला. बाईंनी तो त्याच्या हातातून घेतला, स्वतःचाही घेतला, दोन्हींचा आवाज बंद केला आणि पर्समध्ये टाकले.

"का?" शेठनी विचारलं.

"म्हणाल्या, बाबांना यातलं काही कळू द्यायचं नाही. त्यांनी इतक्या प्रेमानं दिलेत. वाईट वाटेल." पंक्चरवाल्यानं मान हलवली. "नवरा लगेच गप्प झाला. भला दिसत होता. म्हणाला, बरोबर आहे तुझं."

एक ट्रक गेला. टपरीचा पत्रा वाजला आणि थांबला.

"पण बाईंचं म्हणणं खरं निघालं," तो आवाज उतरवून म्हणाला. "टायर काढल्यावर आकडे दिसले मला. जुनापुराणा माल. मुद्दाम आतल्या अंगाला करून बसवलेले. कुणीतरी त्या भल्या माणसाला टोपी घातलीय. मी त्याला सांगणार होतो. तर बाईंनी माझ्याकडे असं बघितलं, की मी निमूट पाना उचलला आणि माझ्याकडचे चार धड टायर चढवले."

शेठ टायरजवळ गेले. गुडघ्यावर हात ठेवून वाकले. आकडे आता बाहेरच्या बाजूला होते आणि ऊन थेट त्यांच्यावर पडलं होतं. ते वाचायची गरज नव्हती. बबीला आकडे डोळ्यांनी कळायच्या आधी बोटांनी कळायचे. टायरच्या मागे हात घालून न बघता आकडा ओळखायचा, हा खेळ तिला त्यांनीच शिकवला होता. ती पाढे म्हणत त्या चळतीवर बसायची तेव्हा दुकानात गिऱ्हाइकं यायची, आणि शेठ आत आवाज द्यायचे. रोज. तिच्यादेखत. पोर लहान आहे, तिला काय कळतंय, असंही त्यांना कधी वाटलं नव्हतं. तिथे कुणी आहे हेच वाटलं नव्हतं.

सकाळी तिनं नळ का बंद केला ते त्यांना आता समजलं.

"यांचं काय करणार?" त्यांनी विचारलं.

"ठेवीन. येईल कुणीतरी. गावात चालवायला काय होतंय."

"मी घेतो."

पंक्चरवाल्यानं व्हॅनमध्ये डोकावून बघितलं. "तुमच्याकडे तर याच मापाचे चार आहेत. आणि एक नंबर."

"मी घेतो म्हटलं ना."

त्यानं खांदे उडवले आणि पहिला टायर ढकलत न्यायला लागला. तेवढ्यात शेठच्या खिशात फोन वाजला. बबी.

"बाबा, किती फोन केलेत. पर्समध्ये होता हो, लक्षातच आलं नाही. सगळं ठीक आहे ना? आई?"

"आई ठीक आहे. कुठवर आलात?"

"बरंच पुढे. निम्म्याहून जास्त झालं. का हो?"

"टायर..." शेठ म्हणाले आणि थांबले.

"तुम्ही स्पीकरवर आहात हं, बाबा," ती चटकन म्हणाली.

मग जावयाचा आवाज आला. खोटं बोलायची त्याला सवय नव्हती, म्हणून तो जरा घाईनं बोलला. "बाबा, गाडी काय चाललीय म्हणून सांगू. लोण्यासारखी. आमच्या मुख्याध्यापकांनाही टायर बदलायचेत. त्यांना तुमच्याकडेच पाठवतो. माझं नाव सांगायला सांगतो, म्हणजे तुम्हाला कळेल, घरचेच आहेत."

शेठ टपरीपासून चार पावलं लांब गेले. पलीकडे शेत होतं, कापून झालेलं.

"बबी, जरा तो स्पीकर बंद करतेस का?"

"मी चालवतेय, बाबा. बोला ना, काय आहे?"

काय होतं ते सांगायला एकच वाक्य पुरेसं होतं. बबी, आज मी घरची गाडी म्हटलं ते खरंच म्हटलं होतं. पण ते जावयाच्या कानावर घालायचं, तर रोज काय म्हणतो तेही त्याला सांगावं लागलं असतं. आणि जावई नसता तरी? शेठनी ते वाक्य ओठांतल्या ओठांत एकदा म्हणून बघितलं. अगदी मनापासून म्हटलं. ते तसंच ऐकू आलं. इतकी वर्षं ते मनापासूनच म्हणत आले होते. त्याशिवाय ते चाललंच नसतं. तिच्या चार टायरची चळत मागे व्हॅनमध्ये होती, वर तिचं नाव लिहिलेलं. पण नाव मागाहून लिहायला कितीसा वेळ लागतो, हे तिला बापाच्या दुकानात वाढल्यामुळे ठाऊक असणार.

"बाबा?"

"काही नाही. सहज केला."

"बघा बाई. मला वाटलं काय झालं."

"सावकाश जा."

"हो."

"पोचलात की फोन कर."

"करते, बाबा. आणि तुम्ही उगाच जिवाला लावून घेऊ नका. टायर एकदम छान आहेत. तुम्ही स्वतः काढून दिलेत, मग बघायला नको."

आवाज मोकळा होता, मायेचा होता, कुठे एक गाठ नव्हती त्यात. मागे नात जागी झाली असावी. ती काहीतरी बोलली, सगळे हसले आणि फोन बंद झाला. पंक्चरवाला शेवटचा टायर व्हॅनमध्ये चढवत होता. शेठनी फोन कानाशीच धरून ठेवला. तो आवाज त्यांच्या ओळखीचा होता. फक्त आजवर तो त्यांनी गिऱ्हाइकाच्या बाजूनं कधी ऐकला नव्हता.